जर्मन पासपोर्ट घ्यायचा की भारतीयच ठेवायचा?

रानजाई:
नमस्कार मंडळी, स्टुटगार्टजवळ राहून आम्हाला दहाएक वर्षं झाली. जून 2024 मध्ये जर्मनीने नागरिकत्वाचा कायदा बदलला, आठ वर्षांची अट पाचवर आली आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडा ही त्यांची अटही गेली, तेव्हापासून आमच्या ओळखीत जो तो अर्ज टाकतोय. पण त्यांनी अट काढली तरी आपला 1955 चा कायदा आहेच, स्वतःहून दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. माझ्याकडे इथला कायमचा परवाना आहे, निडरलासुंग, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं की तोही जातो. आणि तिकडे साताऱ्यात बाबांना पार्किन्सन, आई एकटी किती करणार. म्हणजे मला माझ्याच घरी वर्षभर राहायचं तर आधी कागदोपत्री परदेशी व्हायचं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) काढायचं आणि मग या. हिशोब कळतो हो, पण तो फॉर्म उघडला की हात पुढे जात नाही. साताऱ्यात असले की मुलांची शाळा आणि इथलं काम डोक्यात, इथे असले की बाबा. तुम्ही काय केलंत, आणि का?

चाकणकर:
ताई, घेऊन टाका. मी घेतला आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. ओसीआयवर आयुष्यभर व्हिसा लागत नाही, कितीही दिवस राहा, नोकरी करा, फ्लॅट घ्या. आत्ता तुमच्याकडे जे आहे त्यात भारतात सहा महिने आणि जर्मनीत मत नाही. इथे आपण टॅक्स भरतो, पेन्शनचे पैसे कापून घेतात, मुलं इथल्या शाळेत, आणि गावच्या निवडणुकीतसुद्धा आपल्याला मत नाही, युरोपियन युनियनवाल्यांना आहे. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत स्थलांतरितांवरच सगळी चर्चा चालली होती आणि ज्यांच्याबद्दल बोलतायत ते घरात बसून टीव्ही बघतायत. मला ते सहन होत नव्हतं. जिथे राहतो तिथे बोलायचा हक्क पाहिजे.

कृष्णाकाठ:
दादा, हक्काचंच बोलताय तर ओसीआयने काय जातं तेही सांगा ना. मत जातं, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर तेवढी राहते. 2021 च्या नोटिफिकेशननंतर संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. आणि सरकार ते कार्ड रद्दही करू शकतं. नागरिकाला ‘ये’ म्हणावं लागत नाही, ओसीआयवाल्याला सरकार येऊ देतं, हा फरक लहान नाही. मी पंधरा वर्षं बाहेर काढून परत आलोय, वाईला शेती बघतो, आणि मला वाटतं एकदा परत यायची वाट अवघड करून ठेवली की माणूस येत नाही. शासकीय कॉलेजात शिकून आपण गेलो, काहीतरी बांधिलकी ठेवावी की नाही?

चाकणकर:
बांधिलकी पासपोर्टच्या रंगावर मोजणार का? माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चार महिने पिंपरीत होतो, तेही परवान्याची तारीख न मोजता. तुमचं मताचं म्हणाल तर ताईंना आज भारतात मत आहे का खरोखर?

रानजाई:
आहे, पण कागदावर. परदेशातल्या भारतीयाने फॉर्म 6ए भरून नाव घालता येतं, मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान बुधवारी होतं, मुलांची शाळा चालू, कसं जाणार. तरी मला ते नाव यादीत हवंय. कृष्णाकाठ दादा, तुमचं म्हणणं मनाला लागतं, पण तुम्ही परत येऊ शकलात. माझी मुलगी सातवीत आहे, मराठी बोलते पण वाचताना अडते, तिला उचलून साताऱ्याच्या शाळेत बसवू का?

पारिजात:
मी बसवलं होतं, म्हणून लिहिते. आम्ही म्युनिकहून कोथरूडला परत आलो, मुलं तेव्हा लहान होती. सासूबाईंचं शेवटचं वर्ष त्यांच्याजवळ काढता आलं, ते माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. पण ओढाताण संपते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, ती फक्त दिशा बदलते, आता मला तिथली रविवारची शांतता, जंगलातले रस्ते, एकटीने रात्री ट्रेनने घरी येणं याची इतकी आठवण येते की नवऱ्यालाही सांगत नाही. त्यामुळे पासपोर्टने मन ठरेल ही अपेक्षाच दोघांनीही सोडा, तो फक्त जाण्यायेण्याचा प्रश्न आहे आणि तो तसाच सोडवा. रानजाई, एक विचारते, यजमानांनी अर्ज केलाय का? कारण नवरा जर्मन नागरिक असेल आणि संसार एकत्र असेल तर बायकोची निडरलासुंग बाहेर राहिल्याने सहसा रद्द होत नाही, कायद्यात तसं कलम आहे. शिवाय जाण्याआधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसकडून जास्त मुदत लेखी मागता येते. आधी ते विचारा.

कृष्णाकाठ:
हे मला माहीत नव्हतं, चांगलं सांगितलंत. पण मग एकाने सोडायचं म्हणजे दुसरीचं टिकेल, हे तरी घरात कसं बोलायचं? त्यांचे आईवडील नाहीत का इथे?

रानजाई:
हाच प्रश्न काल रात्री आमच्यात झाला. हे म्हणाले मी करतो अर्ज, तू ठेव तुझा. यांचे आईबाबा नाशिकला दादांकडे आहेत, तब्येती बऱ्या आहेत, म्हणून म्हणतात. पण उद्या तिकडे काही झालं तर निर्णय मीच त्यांच्यावर ढकलला असं मला वाटत राहील, म्हणून घाई करणार नाही. आधी मुदत वाढवून मागते. चाकणकर दादा, तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, फक्त बाबा आहेत तोवर मला त्यांच्याच देशाची म्हणून घरी जायचंय. कोणी आजारी पालकांच्या कारणावरून असं लेखी घेतलं असेल तर डॉक्टरांचं पत्र भाषांतर करून जोडावं लागतं का, आणि किती महिने दिले, एवढं सांगा प्लीज.