पिकअपच्या हौद्यासाठी कव्हर घ्यायचंय: सॉफ्ट, फोल्डिंग की शटर? सल्ला हवा

पाना_पकड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे, हौदा आखूड, साधारण पाच फुटी. मी फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीची कामं करतो. हौद्यात रोज दोन टूलबॉक्स, गॅस चार्जिंगचा सेट, मीटर आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतले सर्किट बोर्ड असतात. आजवर ताडपत्री टाकून दोरी आवळत आलो. मागच्या पावसात ताडपत्रीवर मधोमध पाणी साचलं, त्या वजनाने ती आयलेटपाशी (दोरी ओवायच्या भोकापाशी) फाटली आणि तीन बोर्ड भिजले. त्यातला एक गिऱ्हाइकाचा होता. भरपाई करून दिली, पण त्या घरचं मशीन आणखी आठ दिवस बंद राहिलं, ते मनाला फार लागलं.

आता पक्कं कव्हर बसवायचंय. बोर्ड भिजता कामा नयेत आणि कुलूप लागलं पाहिजे. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा फ्रिज आणावा लागतो, तोही उभाच. आडवा नेला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून मी कधीच आडवा घालत नाही. तर काय घ्यावं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं.

रानवाट

दादा, तुमच्या शेवटच्या अटीनेच निम्मी यादी कापली जाते. एकसंध फायबरचं झाकण बाद. ते डिक्कीसारखं गॅस स्ट्रटवर वर उघडतं, गाडीच्या रंगात रंगवून मिळतं, दिसतंही सुरेख. पण उंच सामान न्यायचं म्हटलं की दोघांनी मिळून ते उचलायचं आणि कुठेतरी नीट ठेवायचं. माझ्याकडे चार वर्षं होतं. पहिल्या वर्षी काढलं-घातलं, नंतर मी उंच सामान नेणंच सोडलं. तुमचं पोटच त्यावर आहे, तुम्हाला ते सोडता येणार नाही.

कॅनोपीही त्याच कारणाने नको. छप्पर केबिनच्या उंचीला येतं, उभा फ्रिज त्यात मावणार नाही.

दोरखंड

ताडपत्रीची बाजू मांडतो. ती सपाट ताणली की पाणी साचणारच. मधोमध लांबीच्या दिशेने एक पाइप टाकून त्यावरून सोडली असती तर दोन्हीकडे उतार मिळून पाणी वाहून गेलं असतं. मी वर्षानुवर्षं अशीच बांधतो, माल कोरडा राहतो. पण कुलूप हवं असेल तर ताडपत्रीचा विषयच संपला, हे कबूल.

दूरची_वाट

मी सहा वर्षं सॉफ्ट रोल-अप वापरते आहे. वर जाड व्हिनाइल, खाली ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या, दोन्ही कडांना वेल्क्रो. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडायचा, मागची पट्टी सोडायची आणि केबिनपर्यंत गुंडाळत न्यायचं, एका मिनिटाचं काम. गुंडाळी पट्ट्याने बांधली की मागची काच मोकळी राहते. वजनालाही हलकं, मी एकटी उतरवते.

दोषही सांगते. थंडीत व्हिनाइल आखडतं आणि शेवटची पट्टी जागेवर बसवताना बोटं दुखून येतात. अशा वेळी मी ते अर्धा तास उन्हात पसरून ठेवते, मग निमूट बसतं. उन्हाळ्यात उलट सैल पडतं, तेव्हा ताण द्यायचा स्क्रू थोडा आवळावा लागतो. वेल्क्रोत माती गेली की पकड सुटते. दर महिन्याला कोरड्या ब्रशने झाडा. वर साधं साबणपाणी पुरतं. चकाकी आणणारी तेलकट पॉलिश लावू नका, व्हिनाइल लवकर खराब होतं.

आणि ते धारदार सुरीने कापता येतं. माझ्या हौद्यात चोरण्यासारखं काही नसतं म्हणून मला चालतं. तुमच्याकडे अवजारं आहेत.

सरकतं_दार

शटरचा अनुभव लिहितो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं शटर रुळांवरून सरकत केबिनलगतच्या डब्यात गुंडाळलं जातं. वापरायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, हवं तितकंच उघडून तिथेच कुलूप लावता येतं.

पण तो डबा हौद्यातली २५ ते ३० सेंटिमीटर जागा खातो. माझा हौदा आठ फुटी, मला जाणवत नाही. पाच फुटीत फूटभर गेला तर काय उरलं?

दुसरं म्हणजे निचरा. शटरवरून आलेलं पाणी डब्यात उतरतं आणि कोपऱ्यातल्या दोन नळ्यांमधून गाडीखाली जातं. एकदा रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी हौद्यात बोटभर पाणी. मला वाटलं सील गेलं. डब्याचं झाकण काढलं तर नळीच्या तोंडाशी कुजलेल्या पानांचा काळा लगदा घट्ट बसलेला. बारीक तार घातली आणि सगळं पाणी गटकन उतरलं. तेव्हापासून पावसाआधी नळ्या साफ करायचा नेम आहे. झाडाखाली गाडी लावत असाल तर हे लक्षात ठेवा.

क्लॅम्पवाला

मी गाड्यांना ही कव्हरं बसवायचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नाव. दुकानात किंवा नेटवर शोधताना ‘टोनो कव्हर’ म्हणा. शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ पिंप. जुन्या मोटारींत मागच्या उघड्या बैठकीला टोनो म्हणत, तिच्यावर ओढायचं ते टोनो कव्हर.

आता पाणी. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. कव्हरच्या पृष्ठभागातून पाणी जवळपास कधीच येत नाही. ते येतं फाळक्याच्या फटींमधून. फाळका उघडता यावा म्हणून कंपनीने दोन्ही बाजूंना आणि खाली बिजागरीपाशी फट ठेवलेली असते, आणि उघड्या हौद्यात ती असायलाच हवी, नाहीतर पाणी साठेल. वर कितीही महाग कव्हर घाला, ती फट तशीच राहते. त्यामुळे फाळक्याला तिन्ही बाजूंनी रबर सील लावणं हे कव्हरइतकंच महत्त्वाचं काम आहे. त्यानंतर नंबर लागतो केबिनकडच्या दोन कोपऱ्यांचा. हौद्याच्या तळाला असलेली निचऱ्याची भोकं मात्र बुजवू नका. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट लागतेच.

माप घेताना बाहेरून घेऊ नका. फाळका बंद करा आणि केबिनकडच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून फाळक्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. गाडीला कधी ठोकर बसली असेल तर कर्णांत फरक दिसतो, आणि मग फोल्डिंग कव्हर एका बाजूला घासतं. हे न पाहता कव्हर मागवून परत पाठवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

तुमच्यासाठी माझं मत हार्ड फोल्डिंग. ॲल्युमिनियमचे तीन-चार पॅनल, मध्ये रबराच्या बिजागऱ्या. क्लॅम्पने बसतं, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. पॅनलखालची रबरी पट्टी जागेवर आहे ना ते पाहा. ॲल्युमिनियम पोलादाला थेट टेकलं आणि मध्ये ओल राहिली की गंज धरतो. दुसऱ्या कुठल्या पद्धतीत भोक पाडायची वेळ आलीच तर कडेला लगेच प्रायमर लावा.

वजनाचा आकडा नीट वाचा. अनेक कव्हरांवर ४०० पौंड, म्हणजे साधारण १८० किलो असं लिहिलेलं असतं. तो भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरलेला धरलेला असतो. एका पॅनलवर पाय देऊन उभं राहायची परवानगी म्हणून तो वाचू नका.

कुलूप: पॅनल आतून अडकतात, फाळका उघडल्याशिवाय सुटत नाहीत. म्हणजे फाळक्याला कुलूप नसेल तर सगळं उघडंच. आधी तुमच्या फाळक्याला चावी आहे का ते बघा.

पाना_पकड (धागाकर्ता)

दादा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. फाळक्याला चावी आहे. माप घेतलं: आतून लांबी १५० सेंमी, कर्ण सारखे. नेहमीच्या फ्रिजची खोली ७० सेंमी धरा. पॅनल घडी करून केबिनकडे ठेवले तर फ्रिज मागे उभा राहील का? आणि माझ्या हौद्यात प्लास्टिकचं लायनर आहे, ते कडेवरून वर वळलेलं आहे.

क्लॅम्पवाला

तसं लायनर क्लॅम्पच्या आड येतं. क्लॅम्पची जागा आधी खडूने आखा आणि तेवढ्याच खाचा कापा. प्लास्टिकवरच क्लॅम्प आवळलात तर ते दबत जाईल आणि पकड सुटेल.

फ्रिजचं म्हणाल तर घडी आडवी ठेवल्यावर पुढचे पन्नासेक सेंमी व्यापते. मागे शंभर उरतात, फ्रिज मावेल. पण मग तो केबिनच्या भिंतीला टेकवता येणार नाही, आणि पॅनलला तर मुळीच टेकवू नका. चारही कोपऱ्यांच्या कड्यांतून रॅचेट पट्टे (खटक्याने ताणून आवळायचे पट्टे) घालून बांधा. घडी केबिनला उभी लावता येणारी मॉडेलं मिळतात, त्यात जागा जास्त सुटते, पण मागची काच आणि काही गाड्यांत केबिनवरचा ब्रेक लाइट झाकला जातो. तसं चालवायचं असेल तर हे आधी तपासा.

विकत घेण्याआधी एक करा. पॅनलच्या मापाचे पुठ्ठे कापा, चिकटपट्टीने जोडा आणि हौद्यावर ठेवून घडी करून बघा. आकड्यांत जे लक्षात येत नाही ते पुठ्ठ्यात लगेच दिसतं.

रानवाट

कव्हरने डिझेल वाचतं असंही ऐकलंय. खरं का?

सरकतं_दार

फारसं नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत पुढे जाते. म्हणून फाळका पाडून चालवल्याने उलट तोटाच होतो. कव्हरने हवेचा अडथळा थोडा कमी होतो, तोही वेगात. गल्लीबोळातून फिरणाऱ्याला फरक कळणार नाही. त्यासाठी म्हणून कव्हर घेऊ नका.

धुळवाट

पाण्याबद्दल सगळे बोलले, धुळीबद्दल कुणीच नाही. मी कच्च्या रस्त्यांवर जास्त असतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथे घुमून फाळक्याच्या फटीतून आत ओढली जाते. वरून एक थेंब न येणाऱ्या कव्हरखाली मी टूलबॉक्सवर पिठासारखा थर पाहिलाय. बोर्डांना ती पाण्याइतकीच वाईट. क्लॅम्पवाल्या दादांनी सांगितलेलं फाळक्याचं सील याच्यावरही उपाय आहे, त्यामुळे ते टाळू नका.

दूरची_वाट

एक विचारते. लहान अंतरासाठी कुत्र्याला बंद कव्हरखाली ठेवलं तर?

क्लॅम्पवाला

नाही ताई, पाच मिनिटंही नाही. तीच मागची ओढ एक्झॉस्टचा धूरही आत खेचते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. शिवाय उन्हात आत भट्टी होते. माणूस असो की जनावर, बंद हौद्यात कुणालाच नको.

ओघात आणखी एक. पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवूनच भरू नका. प्लास्टिकच्या लायनरवर कॅनमध्ये स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरायचा. आणि भरलेला कॅन बंद कव्हरखाली ठेवायचाच नाही, वाफा आत कोंडून राहतात.

पाना_पकड (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय. पुठ्ठे कापून पाहिले आणि त्यातच निर्णय झाला. चार पॅनलचं हार्ड फोल्डिंग घेतलं, घडी आडवी राहणारं. लायनरला आठ खाचा कापल्या. फाळक्याला रबर सील लावताना आधी कडा स्पिरिटने पुसून घेतल्या, नाहीतर चिकट पट्टी दोन दिवसांत सुटते.

मग चाचणी घेतली. हौद्याच्या तळावर कडेकडेने जुनी वर्तमानपत्रं अंथरली, सगळं बंद केलं आणि पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारलं. उघडून पाहिलं तर मधली पानं खडखडीत कोरडी, पण डाव्या बिजागरीपाशी हातभर कागद लगदा झालेला. तिथे सील पायरीवरून वळताना उचललं गेलं होतं. तेवढा तुकडा काढून पुन्हा कोपऱ्यात दाबून बसवला, आतून फोमची पट्टी दिली. दुसऱ्या वेळी फक्त दोन बोटांएवढा डाग आला. बोर्ड आता झाकणाच्या प्लास्टिक डब्यात आणि डबा लाकडी फळीवर, म्हणजे तो डागही पोचणार नाही.

कालच फ्रिज आणला, उभा, चार पट्ट्यांनी बांधून. परत येताना पाऊस लागला, पण तोवर फ्रिज उतरवून कव्हर लावलेलं होतं. घरी येऊन पहिला तो डबा उघडला. बोर्ड कोरडे होते. तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार.

क्लॅम्पवाला

फार बरं वाटलं वाचून. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळून घ्या. नवी रबरी पट्टी दबते आणि पकड ढिली होते. पण हाताला लागेल तेवढंच, जोर लावून कड वाकवू नका.

पाना_पकड (धागाकर्ता)

आताच तपासले. केबिनकडचा डावा पाव आटा फिरला, बाकीचे घट्ट आहेत.