क्लब हाउसमधील कराटे वर्गाविषयी

सचिव : नमस्कार. क्लब हाउस सायंकाळी ६ ते ७ या वेळेत मुलांच्या वर्गासाठी द्यावे किंवा कसे, यावर रविवारच्या बैठकीत निर्णय घ्यायचा आहे. प्रशिक्षकांनी अर्जात ज्यूदो, शोतोकान कराटे व तायक्वांदो असे तीन प्रकार लिहिले आहेत. सभासदांनी आपले मत येथे नोंदवावे.

बी-४०३ : तिन्ही एकच माणूस शिकवणार म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, अशी मला भीती वाटते. नांदेडात होला मोहल्ल्याला गतका ही शिखांची युद्धकला खेळणारी मुले आपण पाहतो. त्यांचा हात वर्षानुवर्षे एकाच विद्येवर बसलेला असतो.

ए-१०२ : वहिनी, हीच शंका असल्यामुळे मी मुलीला घेऊन तीन दिवस त्यांच्या सध्याच्या वर्गात जाऊन बसलो. सरांची सुरुवात ज्यूदोने झाली, खांदा दुखावल्यावर ते कराटेकडे वळले आणि तायक्वांदो बरेच उशिरा शिकले. पहिल्या दोन्हींत ब्लॅक बेल्ट असला तरी तायक्वांदोत अजून लाल पट्टाच आहे, हे त्यांनी मी न विचारता सांगितले आणि माणूस मला तिथेच पटला. अनेक ठिकाणी शिकणे हा मुळात दोष नव्हे. ज्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची स्थापना केली, ते स्वतः जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन वेगळ्या परंपरांत तयार झाले होते. ओकिनावाचे कराटेगुरू फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे घेऊन टोकियोला आले, तेव्हा त्यांना प्रात्यक्षिकासाठी याच कानोंनी आपल्या कोदोकान या ज्यूदोशाळेत बोलावले, आणि कराटेतला पांढरा पोशाख व पट्टेही ज्यूदोकडूनच आलेले आहेत.

बी-४०३ : इतिहास मान्य आहे, परंतु आठ वर्षांच्या मुलाला तिन्ही एकदम शिकवणार का?

ए-१०२ : नाही. पहिला महिना सर्वांना फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल ठेवायची आणि पाठ टेकताक्षणी दोन्ही तळवे चटईवर सपाट आपटायचे, म्हणजे डोके आपटत नाही आणि धक्का हातांवर वाटला जातो. माझी मुलगी पहिल्या दिवशी कोपर टेकवत होती. सरांनी तिला चवड्यावर बसवून तिथूनच वीसेक वेळा मागे लोळायला लावले. त्यानंतर प्रत्येकाला एकच प्रकार देतात, कारण कराटेच्या सामन्यात चेहऱ्याकडे नियंत्रित ठोसा चालतो, तायक्वांदोत तोच ठोसा मारला तर दंड होतो, आणि ज्यूदोत ठोसाही नाही अन् लाथही नाही. शोतोकानची लांब, खाली बसलेली उभे राहण्याची पद्धत अंगवळणी पडलेल्या मुलाला तायक्वांदोतल्या उड्या जड जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्जात मात्र त्यांनी तिन्ही नावे एका ओळीत लिहायला नको होती. त्यामुळेच हा गैरसमज झाला.

सी-२०१ : वर्गाला माझी हरकत नाही, पण क्लब हाउसमध्ये गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर मुलांना पाडणार का?

ए-१०२ : काका, एकात एक अडकणाऱ्या फोमच्या जाड चटया ते स्वतः आणणार आहेत. त्या रोज उचलून कोठे ठेवायच्या, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

सचिव : मीटरच्या खोलीत ठेवता येणार नाहीत. जिन्याखालच्या जुन्या सायकली संबंधितांनी शनिवारपर्यंत हलवल्यास तेथे जागा होईल.

बी-४०३ : त्यांतली एक आमची आहे. उद्याच हलवते. मुलाला आधी ज्यूदोलाच घालावे म्हणते.