एक्झॉस्ट फॅनचा चिकटा आणि कडप्प्यावरचे पांढरे डाग: स्वस्तात काय करता येईल?

ओटा_आणि_मी
दिवाळीआधी स्वयंपाकघर काढायचंय. एक्झॉस्ट फॅन आणि त्याखालच्या टाइल्सवर तपकिरी चिकट थर आहे, भांड्याच्या साबणाने हलत नाही. काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू-सोडा लावल्यावर पांढरट डाग पडलेत. महागडे स्प्रे नकोत. घरात खायचा सोडा, व्हिनेगर, मीठ आहे. कोणी म्हणतं रॉकेल वापरा.

काथ्या
तो थर म्हणजे नुसतं तेल नाही. फोडणीच्या वाफेतलं तेल उष्णतेने आणि हवेने सुकून वार्निशसारखं घट्ट बसतं, म्हणून साबण वरच्यावर घसरतो. इथे खायचा सोडा कमी पडतो. किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणा. तो जास्त तीव्र असतो, त्यामुळे हातमोजे घाला.

टाइल्ससाठी १ लिटर कडकडीत पाण्यात १ मोठा चमचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. नुसता हात फिरवून उपयोग नाही, पाणी ओघळून जातं. जुन्या बनियनचे तुकडे त्यात भिजवून टाइल्सवर चिकटवा आणि १५ मिनिटं राहू द्या. चिंधी सुकत आली तर पुन्हा भिजवा. सोलताना थर चिंधीबरोबरच निघतो, उरलेला काथ्याने जातो. खालून वर लावत जा, नाहीतर ओघळांच्या रेघा राहतात. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसा, सोडा राहिला तर सुकल्यावर पांढरी पूड दिसते. ऑइल पेंटच्या भिंतीला मात्र हा सोडा लावू नका, रंगच निघेल.

फॅनचं बटण बंद करून प्लग काढा. मोटारीला पाणी लागता कामा नये. पाती आणि जाळी सुटत असतील तर बादलीत, लिटरला २ चमचे सोडा, अर्धा तास. पण आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड, बिनधास्त बुडवा. चिकटलं नाही आणि धातू हलका, पांढुरका असेल तर ॲल्युमिनियम धरून चाला: धुण्याच्या सोड्यात ते काळं पडतं, आणि तो काळेपणा घासून जात नाही. त्याला फक्त गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड. चिमणीच्या जाळीलाही हेच लागू.

फरशीवाला
कडप्प्याबद्दल. ते डाग नाहीत, दगड खाल्ला गेलाय. कडप्पा चुनखडीचा दगड, लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की पॉलिश उडतं. शहाबादी आणि संगमरवरालाही तेच. घासून जाणार नाही. तेलाचा हात फिरवला की चार दिवस लपतं, खरा उपाय पुन्हा पॉलिश करून घेणं. ग्रॅनाइटला ही भीती फारशी नाही. ओळखता येत नसेल तर ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवा, जागा मंद झाली की समजा.

आणि सोडा-व्हिनेगर एकत्र का करतात, कळत नाही. फेस येतो म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारतात आणि खारट पाणी उरतं. सोडा तेलासाठी, व्हिनेगर बोअरच्या पाण्याच्या क्षारासाठी. स्टीलच्या नळावर व्हिनेगरची चिंधी २० मिनिटं गुंडाळा, मग जुन्या टूथब्रशने घासून धुऊन टाका.

टाकटुक
रॉकेलने चिकटा निघतो हे खरं, पण शेगडीशेजारी अजिबात नको. वास आठवडाभर जात नाही तो वेगळाच.

शेगडी कोणी विचारली नाही, तरी सांगते. पितळी बर्नर चिंचेच्या कोळात मीठ घालून १५ मिनिटं. छिद्रं बारीक तारेने मोकळी करा, टूथपिक आत तुटतो. मग उपडे ठेवून पूर्ण वाळू द्या. आत पाणी राहिलं की ज्योत पिवळी होऊन फडफडते आणि माणसं उगाच सिलिंडरवाल्याला फोन करतात. एक मात्र लक्षात ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड एकाच सिंकमध्ये पाठोपाठ ओतू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत श्वास कोंडतो.

ओटा_आणि_मी
चुंबक लावलं. जाळीला चिकटलं, पात्यांना नाही. म्हणजे जाळी सोड्यात, पाती साबणात?

काथ्या
बरोबर. आणि पाती बसवताना स्क्रू नीट आवळा, सैल राहिलं की घरघर सुरू होते.