पाय धुतले, पण कोणाचे?

खडकीकर: प्रभू येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) बारा जणांचे पाय धुतले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी खाली बसून. ज्यांना पाळकांमध्ये फक्त गर्व दिसतो त्यांनी हे बघायला हवं होतं. माझे तर डोळे भरून आले.

नाना पेठ: खडकीदादा, मीही त्याच उपासनेला होतो. ते बारा जण कोण, तेवढं तुम्ही गाळलंत. सात पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे. दोघे कापणीच्या सणाच्या लिलावात दरवर्षी मोठी बोली लावणारे. उरलेले तिघे त्यांचेच नातलग. तेवीस वर्षं घंटा वाजवणारे, बाकं पुसणारे आमचे अंकल दाराशी उभे होते. प्रभूने दगा देणाऱ्या यहूदाचेसुद्धा पाय धुतले. आपण मात्र आधीच साबणाने धुऊन आलेले पाय निवडले.

माझी आई गेल्या पावसाळ्यात एकोणीस दिवस दवाखान्यात होती. पाळकसाहेब एकदा आले, उभ्याउभ्या प्रार्थना केली, गेले. त्याच आठवड्यात चर्चच्या खजिनदारांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तीन फेऱ्या झाल्या. आई काही बोलली नाही. मी बोलणार.

वानवडी: देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध असं चारचौघांत लिहायचं नसतं. बायबलमधलं १ तीमथ्य ५:१९ वाचा. मंडळीच्या वडीलधाऱ्यांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही.

नाना पेठ: वाचलं. तुम्ही पुढच्या दोन ओळी वाचा. विसाव्यात चुकणाऱ्यांना सगळ्यांसमोर दोष दाखवायला सांगितलंय आणि एकविसाव्यात पक्षपात करू नकोस म्हणून बजावलंय. एकोणिसावं वचन तेवढं तोंडपाठ कसं? अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून प्रेषित पेत्र उठला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. गलतीकरांस पत्रात आहे. पेत्राहून आपले पाळक मोठे का?

पाळकाची मुलगी: भाऊ, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या घरातलंही ऐका. माझ्या बाबांनीही एकतीस वर्षं पाळकी केली. एका गावी त्यांनी कमिटीच्या सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न नियमाबाहेर लावायला नकार दिला. त्यानंतर चार महिने पगार अडला आणि जूनमध्ये बदली. माझं दहावीचं वर्ष होतं. पाळक तोंडं बघून का वागतो, विचारता? त्याच्या चुलीची किल्ली कोणाकडे आहे ते बघा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला तेव्हा कुठे त्यांचा ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा उभा राहिला. प्रत्येकाला ते जमत नाही, लेकरं असतात.

नाना पेठ: ताई, पगाराचं मान्य. पण दवाखान्यात आईची खाट खजिनदारांच्या शेजारच्याच वॉर्डात होती. तिथपर्यंत चालत जायला कमिटीची परवानगी लागत नव्हती.

येरवडा: मूळ दुखणं वेगळंच आहे. सकाळी साडेआठची वेळ इंग्रजी उपासनेला आणि आम्हा मराठीवाल्यांना दुपारी चार! एप्रिलमध्ये, पत्र्याखाली! पाहुणा उपदेशक आला की इंग्रजीला. पायही सकाळीच धुतले, दुपारच्या उपासनेत फक्त सूचना वाचल्या.

कोथरूड: तुमचीच मुलं इंग्रजीला बसतात. दुपारी बाकं रिकामी, त्याला पाळक काय करणार?

येरवडा: चार वाजता ठेवलंत म्हणून रिकामी! पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२४ साली ते छापून आलं तेव्हा बाई हयातही नव्हत्या. ते कोणासाठी? कमी शिकलेल्या बायांनाही वाचता यावं म्हणून. आणि केडगावाजवळच्याच आपल्या पुण्याच्या चर्चमध्ये मराठी उपासना दुपारची!

कोथरूड: आवाज खाली. माझ्या आजीला पण मराठीच येत होती. माझ्या मुलीला मराठी भजनं पाठ आहेत, पण उपदेश कळत नाही. तिला घरी बसवू?

वानवडी: विषय नम्रतेचा होता, वेळापत्रकाचा नाही.

नाना पेठ: विषय तोच आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नाच्या वाटणीत राहून जात होत्या. भाषेवरूनच! प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही, सात माणसं निवडायला लावली. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, वाटणी त्यांच्याच माणसांच्या हाती दिली. नम्रता मी याला म्हणतो. परात-टॉवेल वर्षातून एकदा निघतो.

पाळकाची मुलगी: हे पटलं. म्हणजे कमिटीत दुपारच्या उपासनेतली माणसं हवीत. निवडणुकीला उभं कोण राहतं मात्र? भाऊ, तुम्ही राहिलात कधी?

नाना पेठ: नाही राहिलो. दोनदा विचारलं होतं, आईचं निमित्त सांगितलं.

खडकीकर: मी अजून म्हणतो, त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं खरं होतं आणि डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. पण बारा जण कोण, हे मी पाहिलं नाही हे खरं. दारातल्या अंकलना मी दर रविवारी सलाम करतो. त्यांचं नाव काय?

नाना पेठ: इथे नको. रविवारी त्यांनाच विचारा.

येरवडा: आणि साडेआठच्या वेळेचं काय ठरलं?