सेट करतो १००० हर्ट्झ, येतात १००८! वेव्हफॉर्म जनरेटरचं काय चुकतंय?

जुगाडी_सोल्डर:
मंडळी, एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलरवर (१६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल) वेव्हफॉर्म जनरेटर बनवतोय, साइन ट्रँगल स्क्वेअर तिन्ही हवेत, १० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ. एका लाटेचं २५६ सॅम्पलचं टेबल, पोर्ट डी वर आर-टूआर लॅडर (आकड्याचं व्होल्टेज करणारी रेझिस्टरची साखळी), पुढे बफर म्हणून एलएम३५८ ऑपअँप, सगळं ५ व्होल्टवर. पॉट (फिरवायचा रेझिस्टर) फिरवला की टायमर१ ची कंपेअर व्हॅल्यू, म्हणजे किती टिकनंतर पुढचं सॅम्पल द्यायचं तो आकडा, बदलते. १०० हर्ट्झला झकास चालतं पण १००० सेट केले की स्कोपवर १००८, व्हॅल्यू एकने वाढवली की थेट ९९२, मधलं काही येतच नाही. दीड किलोहर्ट्झच्या पुढे तर गाडी सरकतच नाही. वर साइनचा माथा विळीने कापल्यासारखा सपाट. रेझिस्टर तीनदा तपासले, क्रिस्टल गंडलाय का?

फेज_शिफ्ट:
क्रिस्टल बिचारा निर्दोष आहे. १००० गुणिले २५६ म्हणजे सेकंदाला २,५६,००० सॅम्पल, म्हणजे एका सॅम्पलला क्लॉकच्या ६२.५ टिक. अर्धी टिक टायमर आणणार कुठून? ६२ घेतल्या की १००८, ६३ घेतल्या की ९९२. ५ किलोहर्ट्झला तर साडेबाराच टिक उरतात, तेवढ्यात इंटरप्टमध्ये (टायमरने हाक मारली की चालणाऱ्या कोडमध्ये) शिरून बाहेरही पडता येत नाही.

सॅम्पलचा वेग बदलूच नका. टायमर२ दर २५६ टिकला, म्हणजे सेकंदाला ६२,५०० वेळा, असा पक्का बांधा आणि टेबलात उडी केवढी मारायची ते बदला. ३२ बिटचा अॅक्युम्युलेटर (बेरीज साठवणारं व्हेरिएबल), दर इंटरप्टला त्यात स्टेप मिळवायची, वरचे ८ बिट हाच टेबलाचा इंडेक्स. स्टेप म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले २ चा ३२ वा घात भागिले ६२५००, १ किलोहर्ट्झला ६,८७,१९,४७७ येते. हा भागाकार इंटरप्टच्या बाहेर करा हं. ट्रँगलला फक्त टेबल बदला. स्क्वेअर मात्र टायमर१ च्या आउटपुट पिनवरून काढा, नाहीतर कडा १६ मायक्रोसेकंदांनी मागेपुढे नाचतात.

ऑपअँपवाला:
माथा कापतोय तो एलएम३५८. ५ व्होल्ट सप्लायवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या आसपास जाऊन थांबतं, लॅडर मात्र पाचपर्यंत चढतो. एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल (आउटपुट जवळपास सप्लायपर्यंत नेणारा) टाका, नाहीतर एलएम३५८ लाच वेगळा ९ व्होल्ट द्या. बफरनंतर १ के आणि १० नॅनोफॅरडचा आरसी फिल्टर लावा, पायऱ्या बऱ्याच बुजतात. अजून एक, पोर्ट डी चे पहिले दोन पिन सिरियलचे आहेत, सिरियल चालू ठेवलं की खालचे दोन बिट लॅडरच्या हातातून गेलेच. डीबगला ठेवलेल्या एका प्रिंटपायी माझी अख्खी रात्र गेलीय यात.

आळशी_इंजिनिअर:
एवढा खटाटोप कशाला, एडी९८३३ ही वेव्हफॉर्मची तयार चिप लावा की, आत हेच सगळं २८ बिटमध्ये आहे, २५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर साधारण ०.१ हर्ट्झची पायरी मिळते. फक्त चिपशी बोलताना एसपीआय मोड २ ठेवा आणि आउटपुट जेमतेम ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक असतं, अँप्लिफायर लागेलच.

जुगाडी_सोल्डर:
शिकायचंय म्हणून हाताने करतोय दादा, चिप पुढच्या वेळी. फेज_शिफ्ट भाऊ, कमाल! १००० म्हणजे १००० आले. माथाही गोल झाला. आता पॉट फिरवताना अधूनमधून स्पीकरमध्ये 'टक्' वाजतं, ते काय?

फेज_शिफ्ट:
स्टेप ३२ बिटची, कंट्रोलर ८ बिटचा. चारपैकी दोन बाइट लिहून झाल्या आणि मध्येच इंटरप्ट आला की अर्धी जुनी अर्धी नवी स्टेप वापरली जाते. नवी व्हॅल्यू आधी बाजूला काढून ठेवा, इंटरप्ट बंद, कॉपी, इंटरप्ट चालू. आणि व्हेरिएबल व्होलाटाइल (दरवेळी मेमरीतूनच वाचायचं) केलंय ना?

जुगाडी_सोल्डर:
नव्हतं केलं 🙈