धमनीतलं रक्त नेहमी ‘शुद्ध’च असतं का?

परीक्षेच्या तयारीत कोणीतरी सांगतंच की धमनी म्हणजे शुद्ध रक्त, शीर म्हणजे अशुद्ध, एवढं पाठ केलं की झालं. यात हमखास एक मार्क जातो. फुप्फुस धमनी उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) कमी ऑक्सिजनचं रक्त फुप्फुसांकडे नेते आणि फुप्फुस शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) आणतात. म्हणजे नाव ठरतं ते दिशेवरून: हृदयाकडून निघाली ती धमनी, हृदयाकडे आली ती शीर.

आणि ‘अशुद्ध’ हा शब्दच मला खटकतो. विश्रांतीच्या वेळी परत येणाऱ्या रक्तातही हिमोग्लोबिन साधारण ७५% ऑक्सिजनने भरलेलं असतं. ते निळंही नसतं, गडद लाल असतं. निळा रंग फक्त पुस्तकातल्या आकृतीत! (कातडीखालची शीर निळसर दिसते, तो प्रकाशाचा खेळ.)

आकृती घोकण्याआधी हे करून बघा. हात मिनिटभर खाली सोडा, पंजाच्या मागच्या शिरा टरारून फुगतात. आता तोच हात डोक्यावर धरा, शिरा सपाट होतात. तिथला दाब इतका कमी असतो. म्हणून शिरांच्या भिंती पातळ आणि आत रक्त मागे फिरू न देणाऱ्या झडपा. फुगलेल्या शिरेत मधेमधे छोट्या गाठी दिसल्या तर त्या बहुधा झडपाच. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली रक्ताभिसरण मांडताना हाताच्या याच झडपांचा पुरावा दिला होता.

हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं याचं गणित आलं तर दर ठोक्याला ७० मिली गुणिले मिनिटाचे ७२ ठोके, म्हणजे साधारण ५ लिटर.