आलेखातील ‘लेजंड’ : सूची, खूणपट्टी की दंतकथा?

प्रश्न (महाविद्यालयीन शिक्षक, दारव्हा तालुका)
पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत मराठी प्रयोगवही तयार करीत असून तिच्यात पीजीएफप्लॉट्स हा तिचा आलेखसंच वापरून आलेख कसे काढावेत, हेही सांगायचे आहे. लेजंडची जागा ‘नॉर्थ वेस्ट’ ठेवावी, ही सूचना एका विद्यार्थ्याने मोबाइलवर मराठीत करून ‘दंतकथा वायव्येस ठेवावी’ अशी लिहून आणली. वर्ग हसला, पण योग्य शब्द मलाही सुचला नाही. एक रेषा पावसाची आणि दुसरी सोयाबीनच्या एकरी झडतीची (उत्पादनाची) असेल, तर कोणत्या रंगाची रेषा कशाची हे सांगणाऱ्या त्या लहानशा चौकटीला काय म्हणावे?

निवृत्त भूगोल शिक्षक
सर, यात अडण्यासारखे काहीच नाही. नकाशाच्या कोपऱ्यात रेल्वे, नदी व सीमा यांच्या खुणा समजावणाऱ्या चौकटीला आम्ही आयुष्यभर ‘सूची’ म्हणत आलो.

प्रश्नकर्ता
गुरुजी, वहीच्या शेवटी ‘संदर्भसूची’ आहे आणि सुरुवातीला ‘आकृत्यांची सूची’ आहे. ‘सूची वर डावीकडे न्यावी’ असे लिहिले, तर मुले यांपैकी कोणती सूची हलवतील, याची मला खात्री नाही.

एक भाषाप्रेमी
मग ‘रेषाबोधिनी’ हा शब्द घडवावा. नवे शब्द घडवण्याची लाज वाटू लागली की भाषा केवळ क्रियापदांपुरती उरते.

संगणक प्रयोगशाळेतील साहाय्यक
शब्द घडवावा, परंतु आज्ञा बदलता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘रेषाबोधिनी’ शिकवली तरी टंकताना ‘लेजंड’ हेच लिहावे लागते आणि त्यात एक अक्षर चुकले की काम त्रुटी दाखवून अडते. मी मुलांना ‘खूणपट्टी’ असे सांगतो, कारण त्या चौकटीत रेषेचा छोटा तुकडा आणि त्यापुढे नाव, एवढेच असते.

कास्तकार, पूर्वी गणिताचा विद्यार्थी
‘वायव्य’ला मात्र हसू नये. खरेदीखतातील चतुःसीमेत पूर्वेस अमक्याचे वावर, पश्चिमेस पांदण असेच लिहिलेले असते, त्यामुळे आमच्या मुलांना ‘वर डावीकडे’पेक्षा ‘वायव्य कोपरा’ लवकर समजेल. माझा आक्षेप ‘अक्ष’ या शब्दाला आहे. बैलगाडीची दोन्ही चाके ज्यावर फिरतात तो ‘आस’ घरचा असताना ‘क्ष-अक्ष’ म्हणताना जीभ कशाला अडखळवायची?

भाषाप्रेमी
‘आस’ म्हणजे आशा. ‘आडवी आस’ ऐकून कोणाला काय वाटेल?

कास्तकार
आशा ती आस, गाडीचा तो आस. लिंगच वेगळे आहे. शिवाय ‘आस’ हा ‘अक्ष’चाच वंशज आहे. इक्षुचा ऊस झाला, कुक्षीची कूस झाली, मक्षिकेची माशी झाली आणि क्षेत्राचे शेत झाले, त्याच वाटेने अक्षाचा आस झाला. हिंदीत ‘क्ष’चा ‘ख’ होऊन ‘खेत’ झाले, आपल्याकडे ‘शेत’.

निवृत्त भूगोल शिक्षक
पृथ्वी आसाभोवती फिरते, हे मान्य आहे. आलेखात मात्र काहीच फिरत नाही.

कास्तकार
संस्कृतातही ‘अक्ष’ म्हणजे गाडीचा कणाच, गुरुजी. म्हणजे तुमची हरकत दोन्ही शब्दांना लागू होते. चतुःसीमेतील वावरही फिरत नाही, तरी त्याला चार बाजू असतात.

प्रश्नकर्ता
या चर्चेत माझी चौकट मागे पडली, परंतु एक नवी अडचण आली आहे. पावसाच्या आलेखात आडव्या अक्षावर २०१५ या वर्षाचे ‘२,०१५’ असे छापले गेले.

प्रयोगशाळेतील साहाय्यक
पीजीएफप्लॉट्स हा संच प्रत्येक अंकाला संख्या समजतो आणि हजारानंतर आपोआप चिन्ह टाकतो. आडव्या अक्षावरील अंकांच्या शैलीत हजाराचा विभाजक रिकामा ठेवावा, म्हणजे ते चिन्ह जाते. लाखाचा आकडा आला, तरी तो तीन-तीन अंकांचेच गट पाडतो, त्यामुळे ‘१,००,०००’ हवे असल्यास ती खुणेची चिठ्ठी, म्हणजे अक्षावरील खुणेपाशी छापला जाणारा आकडा, हाताने लिहावी लागते.

भाषाप्रेमी
‘विभाजक’ म्हणजे भाग पाडणारा. येथे केवळ अंक वेगळे होतात, म्हणून ‘विलगक’ म्हणावे.

कास्तकार
आमच्याकडे दोन वावरांमध्ये असतो तो धुरा. हजाराचा धुरा म्हटले, तर काय बिघडते?